बाईंचं मेलेलं मशीन

ड्रम फिरला. आधी गुरगुरला, मग सुसाट सुटला.

पक्कडनं घाईघाईनं बटण बंद केलं आणि इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. शेठ आत फोनवर ओरडत होता. बाकीचे दोघे एका फ्रिजचं पोट फाडत बसले होते.

भंगाराच्या त्या वखारीत एक नेम होता. कुठलंही यंत्र फोडायच्या आधी एकदा वायर लावून बघायचं. नाही चाललं तर खुशाल खोला. मोटारीतलं तांबं वेगळं, पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळं. तळात वजनासाठी घातलेला सिमेंटचा ठोकळासुद्धा वाया घालवायचा नाही. पण चाललं, तर त्याला हात लावायचा नाही. पुसायचं आणि रस्त्याच्या कडेला विकायला मांडायचं. शेठ म्हणायचा, "मेल्याची खात्री न करता चिरफाड करायला आपण काय डॉक्टर आहोत?"

हातात कायम पक्कड, म्हणून त्याचं नावच पक्कड पडलं होतं. सात वर्षांत हा नेम त्यानं एकदाही मोडला नव्हता.

पण हे कपडे धुवायचं मशीन बाईंचं होतं. बाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या रिटायर झालेल्या शिक्षिका. पक्कड त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. पुढचं त्यांनाही जमलं नाही आणि यालाही.

दोन वर्षांपूर्वी एसीचा कॉम्प्रेसर पक्कडच्या पायावर पडला. पाय प्लास्टरात आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. बाई पैशांचं पाकीट घेऊन आल्या. आईनं ते उघडूनसुद्धा बघितलं नाही. "हातपाय धड आहेत माझे, बाई," म्हणाली. बाई तोंड पाडून गेल्या. आठवडा गेला नाही तोच त्यांचं मशीन बंद पडलं. मोटार जळली, मेकॅनिकनं हात टेकले, आता एवढे कपडे कोण धुणार? आई पगारावर धुवायला जायला लागली. पक्कडचा पाय बरा झाला, तो कामावर आला, तरी तिचं जाणं सुटलं नाही. मध्ये एकदा तो बाईंना म्हणालाही होता, "आणा इकडं, मी खोलून बघतो."

"तुझ्या हातात गेलेली वस्तू परत कधी आलीय का?" बाई फिस्कारल्या होत्या.

काल बाईंचा मुलगा लांबून आला, चार दिवसांसाठी. मेलेलं मशीन जागा अडवून कशाला ठेवायचं, म्हणून त्यानं परस्पर वखारीत फोन केला.

जळलेल्या मोटारीचा वास लपत नाही. ह्याला नुसता साबणाचा वास येत होता. पक्कडनं मागचं झाकण काढलं. आतली तांब्याची तार सोन्यासारखी चकचकीत. मेकॅनिकचा हात सोडा, धूळसुद्धा लागली नव्हती.

पक्कड टायरवर बसला. बाईंनी काय केलं होतं ते त्याच्या ध्यानात आलं. आईला कळलं तर काय होईल तेही आलं. दोन वर्षं घेतलेला पगार म्हणजे ते परत केलेलं पाकीटच होतं, एवढं तिला समजायचा अवकाश, ती बाईंच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नव्हती. आणि मशीन रस्त्यावर मांडलं, तर ती बाजाराला त्याच रस्त्यानं जायची.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. बाई धापा टाकत उतरल्या. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"फोडलंस का?"

"बाई, चालतंय हे."

बाईंनी वर्गातला आवाज काढला. "मी सांगतेय ना मेलंय म्हणून? मग मेलंय. फोड."

"आमच्यात चालतं यंत्र फोडत नाहीत."

"बरं. मग तुझ्या आईला काय सांगणार आहेस?"

पक्कडनं हातोडा उचलला.

ड्रम बाहेर निघेपर्यंत बाई हलल्या नाहीत. मग रिक्षात जाऊन बसल्या. शेठ बाहेर आला आणि मोटारीकडे बघून थबकला. "ही तर कोरी दिसतेय. वायर लावून बघितलंस ना रे?"

"बघितलं. मेलेलं होतं," पक्कड म्हणाला. आणि कटरनं तार कापायला घेतली.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर आईनं विषय काढला. "बाईंचं मशीन तुझ्याकडं आलं म्हणे."

"हं."

"चालू करून बघितलंस?"

"बघितलं. मोटार जळलेली. टाकलं फोडून."

"नक्की? परत जोडता नाही ना यायचं?"

"नाही गं. तांबं उद्या वितळायला जाईल."

आईनं मोठा सुस्कारा सोडला. "बरं केलंस. सकाळपासून घोर लागला होता. अरे, ते चांगलं चालत होतं. बाई एकदा बाजारात गेल्या होत्या, तेव्हा मी बटण दाबून बघितलं. पहिल्याच महिन्यात."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? एवढ्या घरात एकटी म्हातारी. मी कपडे घासते आणि ती शेजारी स्टूल टाकून बोलत बसते. एकटीला करमत नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून बिचारी मशीन मेलं म्हणाली. म्हटलं, म्हणू दे." आईनं त्याच्या ताटात अजून वाढलं. "पण तू तिच्यासमोर तोंड उघडू नकोस हं. फार मानी आहे ती. कुणाचे उपकार घेणार नाही."