आधी माझं पान

ऑफिसात संगणकाची एखादी कमांड अडली की सगळे सर्व्हरवरचं, सहकारी पंडितने लिहिलेलं तिचं माहितीपान उघडत. त्याच कमांडचं माझंही पान होतं, पण शोधात त्याचंच आधी उघडे, माझं कुणाला दिसतच नसे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी मी पानांचा शोधमार्ग, म्हणजे सर्व्हर ती ज्या क्रमाने शोधतो तो, बदलला: आधी माझा फोल्डर, मग त्याचा.

तासाभरात पंडित माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "पान झकास लिहिलंयस रे. पण शेवटी माझ्याबद्दल तसं कशाला?"

मी पान उघडलं. 'ज्ञात दोष' या मथळ्याखाली मी न लिहिलेली ओळ होती: 'लेखक पंडितवर जळतो.'

मी ती घाईघाईने पुसली. मानेवर त्याचा श्वास जाणवत होता. पान पुन्हा उघडलं.

'ओळ पुसली. लेखकाला वाटतंय, मागे अजून पंडितच उभा आहे.'