वरच्या सुराच्या तारा

काउंटच्या दिवाणखान्यात पाहुणे जमले आणि ओर्सोलाने आपला लांब मानेचा छोटा थिऑर्बो, सतारीसारखं तंतुवाद्य, पेटीतून काढला. वरच्या दोन्ही बारीक तारा उतरवून कुणीतरी जाड तारा चढवल्या होत्या. “माझ्या मोठ्या थिऑर्बोला असतात तशाच खालच्या सुराच्या बसवल्या,” नवरा एर्कोले म्हणाला. “हा लहान आहे. माझ्या बाबांनी वरच्या सुरासाठीच घडवलाय.” “तुझा सूर माझ्याहून वरचढ होतो. पादुआ शहरभर लोक हसतात मला.” “माझ्या तारा कुठायत?” “चुलीत घातल्या.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत तिने जाड तारा उपटून त्याच्या मांडीवर टाकल्या, शेजारी बसलेल्या व्हायोलिनवाल्याकडून बकऱ्याच्या आतड्याच्या दोन बारीक तारा मागून घेतल्या आणि चढवल्या. “काउंट ताटकळलेत,” एर्कोले दातओठ खात पुटपुटला. “ताटकळू देत.” तिने खुंटी पिळली. “वरचा सूर मी घेणार. तुम्ही गपगुमान साथ करा.” त्याला करावी लागली.