एकोणचाळीस फोटो

कॉलेजच्या नाटकाचं पोस्टर करायचं काम तिच्याकडे आलं आणि सोबत तालमीचे त्रेचाळीस फोटो आले. तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला. प्रवेश प्रेमाचा होता, नायिका उजवीकडे उभी होती, पण नायक एकोणचाळीस फोटोंत डाव्या विंगेकडे बघत होता. उरलेल्या चारांत त्याचे डोळे मिटलेले होते. डाव्या विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टर बसायची, आणि प्रॉम्प्टर तीच होती. तिने पुन्हा मोजले. एकोणचाळीसच भरले.

दिग्दर्शक मागून डोकावला. "काय नजर आहे लेकाची. नुसता जीव टांगलाय. हाच घे."

"तो नायिकेकडे बघत नाहीये."

"कुणाकडे तरी बघतोय ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी तालमीआधी तिने लॅपटॉप नायकापुढे धरला. कान तापले होते, पण आवाज तिने नेहमीचाच ठेवला. "हा चालेल?"

त्याचा चेहरा पडला. "अगं, हा नको. पुढचं वाक्य आठवत नाहीये, हे सरळ दिसतंय यात."

"सगळ्याच फोटोंत तू असाच बघतोयस."

"बघणारच. तू वाक्य दिल्याशिवाय माझं पान हलतं का? काहीतरी कर, पण माझी लाज राख."

ती पायरीवर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला, पोस्टरच्या माथ्यावरचं नाटकाचं नाव उचललं आणि चांगलं ठळक करून बरोबर त्याच्या डोळ्यांवर आणून ठेवलं.