लाल खुणा

"क्रियापद कर्त्यामागोमाग घे, शेवटी नको. इंग्रजी आहे हे," मुजुमदार सर म्हणाले.

हेमांगीनं ते वाक्य फिरवून पुन्हा वाचलं. लग्नाचे मंडप सजवणाऱ्या तिच्याकडे पहिल्यांदाच एका कंपनीनं मेळाव्याचा प्रस्ताव मागितला होता, तोही इंग्रजीत. इंग्रजीत हसं होईल या भीतीनं ती शाळेत शिकवणाऱ्या आपल्या जुन्या सरांच्या घरी आली होती. ती मोठ्यानं वाचत होती आणि सर दुसऱ्या प्रतीवर लाल पेनानं चुका दुरुस्त करत होते.

"घे. पान नुसतं लाल झालंय," सर हसून म्हणाले.

तिनं भीतभीत कागद पाहिला. एकही लाल खूण नव्हती. पेनातली शाई संपली होती. नुसते ओरखडे उठले होते, तेही ओळी सोडून समासात.

कंपनीची भीती कुठल्या कुठे गेली. आता तिला सरांबद्दलच भीती वाटू लागली. "सर, नीट दिसतंय ना?"

"न दिसायला काय झालं?" भिंत चाचपत सरांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली. "नातीची शाळा सुटेल, तिला घेऊन येतो."

हेमांगी दार अडवून उभी राहिली. शाळेत छडीसाठी करायची तसा तिनं हात पुढे केला.

"किल्ली द्या, सर."