ताण सोडल्यावर

अभ्रकासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा तो इवलासा स्फटिक ताणला की वीज अडवू लागतो, या शोधावर सर परिषदा गाजवत होते आणि तिची पीएचडी त्याच स्फटिकाला लटकली होती. शोध खरा असेल तर ताण सोडल्यावर वीज पुन्हा वाहायला हवी. पण सर सोडू देतील तर शपथ. आज तिने गुपचूप सोडला. वीज वाहिली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आरपार भेग दिसली. “सर, हा बदललाच नव्हता, तुटला होता.” “तरी बजावलं होतं, ताण सोडू नकोस,” सर थंडपणे म्हणाले. म्हणजे यांना ठाऊक होतं. सरांनी करंगळीच्या नखाने स्फटिक खरवडला, चुरा विजारीला पुसला आणि तोच हात पुढे केला. “अभिनंदन, डॉक्टरबाई.” शिसारी त्या हाताची यायला हवी होती, आली ती आपसूक पुढे गेलेल्या स्वतःच्या हाताची.