नव्या आवृत्तीतला नियम

“नियम तेच, चित्रं तेवढी नवी. खेळाच्या पुस्तकाची ही आवृत्ती घेतलीसच कशाला?” इरावतीने मला झापलं. शेजारी बसलेल्या सख्ख्या भावाशी, निनादशी, तिने वर्षभर अबोला धरला होता. दर रविवारी दोघं माझ्याकडे खेळायला मात्र येत.

निनादने फासा टाकला. एक पडला, आणि त्याचा योद्धा दरीत कोसळला. जुन्या पुस्तकाप्रमाणे तो मेला, म्हणजे खेळणारा बाद. निनाद मुकाट्याने बॅग भरू लागला. आता गेला, तर हा परत येणार नव्हता.

“थांब!” खेळ चालवणारा मीच, नवं पुस्तक माझ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे होतं. ते उघडून मी वाचू लागलो, “शेजारच्याने आपलं अर्धं आयुष्य दिलं तर पडलेला जगतो. पण तसं त्याच्याकडे बघून सांगावं लागतं.”

इरावतीने फासा उचलून परत ठेवला. निनादने बॅगेची चेन ओढली.

“निन्या,” तिचा आवाज चिरकला. “माझं अर्धं घे. बस खाली.”

तो बसला. डोळे पुसत तिने हात पुढे केला. “दाखव तो नियम.”

माझ्यासमोरच्या पानावर नुसतं ड्रॅगनचं चित्र होतं. मी पुस्तक मिटलं.

“तुझं तू विकत घे.”