गुड फ्रायडेची चादर

अफ्राने पहिला चिमटा लावला आणि कुंपणापलीकडून झेंटामावशी ओरडली, "अगं ए, आज गुड फ्रायडे! कपडे कसले वाळत घालतेस?"

"आईंच्या चादरी आहेत, मावशी."

"कुणाच्या का असेनात! आज दोरीवर कपडा दिसला, की वर्षाच्या आत त्या घरातून प्रेत निघतं. तुझा नवरा, कोर्बिनियन, उद्यापासून पुन्हा जंगलात झाडं तोडायला जाणार ना?"

 जर्मनीच्या बवेरियातल्या त्या एवढ्याशा गावात ही समजूत कुणाला ठाऊक नव्हती! येशूच्या मृत्यूच्या शोकात कालपासून चर्चची घंटा मुकी होती. गुत्त्यातला रेडिओही बंद होता. पण सासू वाल्बुर्गा तीन महिने अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा. रात्रीपासून तिन्ही चादरी भिजल्या. चौथी घरात नव्हती, दुकानं बंद, आणि म्हातारी नुसत्या रबरी कापडावर पडली होती.

तीनच्या प्रार्थनेला निघालेली माणसं काळ्या कपड्यांत गल्लीतून येऊ लागली. एकेकाची मान दोरीकडे वळली. अफ्राने चिमटा काढला.

"ए अफ्रा!" उघड्या खिडकीतून सासूचा खणखणीत आवाज आला. "काढू नकोस! तिन्ही घाल. रस्त्याच्या बाजूला घाल, तिकडे ऊन आहे."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत! लोक येणारेत का माझ्या पाठीखाली झोपायला?"

गल्लीत कुणीतरी खाकरलं.  अफ्राला स्वतःचाच राग आला. आईंची सोलवटलेली पाठ रोज ती पुसत होती, ही माणसं नव्हेत. तिने चादर झटकली, ताणली आणि चिमटे लावले. दुसरी लावली. तिसरीही लावली, अगदी रस्त्याला लागून.

झेंटामावशीने छातीवर क्रूसाची खूण केली. "वाल्बुर्गा, हट्ट सोड गं! या घरातलं कुणीतरी जाईल!"

"मी जाईन!" खिडकीतून आवाज आला. "चर्चमध्ये चाललीच आहेस, तर सांग तुझ्या देवाला. माझं नाव लिहून घे म्हणावं, पोरांकडे बघायचंसुद्धा नाही. आणि न्यायचं असेल, तर कोरड्या चादरीवरून ने म्हणावं. ओल्यावरून मी हलणार नाही!"